पाण्यावरची माणसं: हाँगकाँगच्या होड्यांमधले संसार

बंदर म्हटलं की आपण धक्का, गोदामं, जकात, किल्ला असंच बोलत राहतो. आज जरा पाण्याच्या बाजूने बघू. आपला कोळी समुद्रावर जातो, पण त्याचं घर कोळीवाड्यात असतं. होडी हे त्याचं कामाचं साधन. दक्षिण चीनमध्ये, पर्ल नदीच्या मुखाशी आणि हाँगकाँगच्या खाड्यांमध्ये, असे लोक होते की ज्यांना परतायला किनाऱ्यावर घर नव्हतंच. जन्म होडीत, लग्न होडीत, म्हातारपणही होडीत. मेल्यावर तेवढी जमीन लागायची. जमिनीवरचे लोक त्यांना 'तांका' म्हणत, आणि तो शब्द हिणवण्याचाच होता. ते स्वतःला 'सुई सेउंग यान' म्हणत, म्हणजे पाण्यावरची माणसं. आपणही तेच म्हणू.

हा संसार कसा मावायचा? फळ्यांच्या खाली मासळी आणि सामान, त्याच फळ्यांवर रात्री अंथरूण. मागच्या टोकाला चूल. एका कोपऱ्यात तिन हाऊ या सागरदेवीचं देवघर, आणि शेजारी पूर्वजांच्या छोट्या लाकडी मूर्ती. छप्पर इतकं ठेंगणं की आत बसूनच वावरायचं. रांगतं मूल कमरेला दोरी बांधून ठेवायचं. थोडं मोठं झालं की पाठीवर लाकडाचा तरंगता ठोकळा. जाळं ओढायला, सुकाणू धरायला घरातलीच माणसं, त्यामुळे बायकांचं काम पुरुषांपेक्षा कमी नव्हतं.

आता प्रश्न असा की हे लोक पाण्यावर का राहिले? जुन्या चिनी लेखकांचं सोपं उत्तर होतं: ते मुळात वेगळ्याच जातीचे, आपले नव्हेतच. हे उत्तर आम्हाला पटत नाही. सरकारी परीक्षांची दारं त्यांना बंद, किनाऱ्यावर घर बांधायला गावकऱ्यांचा विरोध. १७२९ मध्ये योंगझेंग सम्राटाने फर्मान काढलं, की ज्यांना ऐपत आहे त्यांनी किनाऱ्यावर येऊन राहावं, जमीन कसावी, आणि गावातल्या बड्यांनी त्यांना हुसकावू नये. असं फर्मान काढावं लागतं याचाच अर्थ हुसकावणं चालू होतं! पुढेही ते थांबलं नाही. पण ज्या थोड्यांना जमीन मिळाली, ते दोन-तीन पिढ्यांत वंशावळ वगैरे जमवून 'जमिनीवरचे' होऊन गेले. म्हणजे वेगळेपण रक्तात कमी आणि सातबाऱ्यात जास्त, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. बार्बरा वॉर्ड या मानववंशशास्त्रज्ञ १९५० पासून काउ साई या बेटावर जाऊन राहिल्या. त्यांनी लिहून ठेवलंय की हे लोक स्वतःला पक्के चिनीच समजत. शंका फक्त शेजाऱ्यांना होती.

या जगण्याची किंमत वादळात कळायची. १९०६ आणि १९३७ च्या टायफूनमध्ये हाँगकाँगला हजारोंनी माणसं गेली, आणि त्यात होड्यांवरची फार. १९०६ नंतर यौ मा तेईला आसऱ्यासाठी मोठी भिंत घालून बंदिस्त पाणी केलं, ते १९१५ ला पुरं झालं. वादळापुरता आसरा म्हणून बांधलेली ती जागा पुढे कायमची वस्तीच झाली.

१९६१ च्या जनगणनेत हाँगकाँगच्या पाण्यावर सव्वा लाखाच्या वर माणसं होती. ती कमी झाली ती फर्मानाने नाही, इंजिनाने. त्याआधी मासळी 'लान' म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांच्या हातात होती. तो उचल द्यायचा आणि भावही तोच ठरवायचा. महायुद्धानंतर सरकारी मासळी विक्री संघटना आली, तिने कर्जं दिली, कोळ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. शिडाच्या होडीला इंजिन बसलं की हात कमी लागतात. मग पोरं शाळेसाठी किनाऱ्यावर, त्यांच्याबरोबर आजी, मागून आई. घर दोन ठिकाणी झालं आणि हळूहळू एका ठिकाणी, पण जमिनीवर.

सगळ्यांचं असं सुखाने झालं नाही, बरं का. यौ मा तेईच्या जुन्या, गळक्या होड्यांवर जे गरीब उरले, त्यांनी सरकारी घरं मागितली. जानेवारी १९७९ मध्ये ते गव्हर्नरकडे अर्ज द्यायला बसने निघाले, सोबत काही विद्यार्थी आणि समाजसेवक. पोलिसांनी बसगाड्या वाटेतच अडवल्या आणि बेकायदा जमावाच्या आरोपाखाली सगळ्यांना धरलं. अजून बसमधून उतरलेही नव्हते! यावर एवढा गदारोळ झाला की पुढे तो कायदा थोडा सैल करावा लागला.

त्याच होड्यांवर आणखी एक पेच होता. काही तरुणांनी चीनच्या मुख्य भूमीतल्या मुलींशी लग्नं केली होती. नवऱ्याकडे हाँगकाँगची कागदपत्रं, इथे जन्मलेल्या मुलांकडेही, बायकोकडे नाहीत. होडीवर तिला कुणी फारसं विचारत नसे. किनाऱ्यावर पाय ठेवला की ती बेकायदा. त्यामुळे सरकारी घर मिळालं तरी आई होडीतच राहायची आणि मुलं जिना चढून वर जायची. १९८० च्या दशकात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना ओळखपत्रं मिळाली.