खुब्याची परीक्षा

दुखणे एका जागी आणि दोष दुसऱ्या जागी, हा लपंडाव खुब्याइतका क्वचितच दुसरा सांधा खेळत असेल. खेळाडू जांघेवर बोट ठेवतो, कधी नितंबावर, तर कधी केवळ गुडघ्यावर. खुबा स्वतः मात्र स्नायूंच्या जाड थरांखाली दडून राहतो. त्याला बोलते करण्याच्या युक्त्या वैद्यकाला प्रथम सापडल्या त्या पंगू रुग्णांच्या सेवेत.

लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यातला. क्षयाने आखडलेला खुबा कमरेच्या बाकामागे लपतो, हे त्याने ओळखले. रुग्णाला कठीण मेजावर उताणे निजवून निरोगी मांडी पोटाशी दाबली, की कमरेचा बाक मोडे आणि रोगी मांडी आपोआप वर उचलली जाई. १८७५ च्या सुमारास त्याने ही परीक्षा ग्रंथबद्ध केली. १८९५ साली जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग याने रुग्णाला एका पायावर उभे केले. उचललेल्या पायाच्या बाजूची कटी खाली झुकली, तर टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू दुबळे आहेत, हे त्याने दाखवून दिले.

त्याच वर्षी राँटगेनला क्ष-किरण गवसले. आता हाताचे काम संपले, असे कोणालाही वाटावे. परंतु क्रीडांगणाने तो समज खोटा ठरविला. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या मांडीच्या हाडाच्या मानेला अतिश्रमाने तडा जातो, तेव्हा पहिल्या चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. भार टाकताच जांघेत उठणारी खोल कळ, एवढीच सूचना असते. स्नायू आखडला असे समजून धावत राहिल्यास हाड सरकते, त्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि खेळ कायमचा संपण्याची वेळ येते.

उलटही घडते. मांडीच्या हाडावरील उंचवटा उखळीच्या कडेला घासून सांधा झिजवितो, असे २००३ मध्ये बर्नच्या राइनहोल्ड गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. शोध मोलाचा होता; तथापि कसलीही तक्रार नसलेल्या अनेक खेळाडूंतही असा उंचवटा आढळतो. केवळ चित्र पाहून शस्त्र उचलले, तर निर्दोष खुबाही कापला जाईल. म्हणून २०१६ च्या वॉरिक येथील मतैक्यात तज्ज्ञांनी ठरविले की तक्रार, तपासणीतील चिन्ह आणि चित्र ही तिन्ही जुळल्याखेरीज या विकाराचे निदान करू नये.

चित्रात सांध्याचा आकार दिसतो, वेदना दिसत नाही. ती आजही प्रश्नाने आणि हातानेच शोधावी लागते.