हात कोणाचा?

इच्छामरणाचा विषय निघाला की मराठी माणूस हमखास तीन नावे घेतो: ज्ञानदेव, सावरकर आणि विनोबा. स्वेच्छेने देह ठेवणे आपल्याकडे पूर्वापार मान्य होते, मग डॉक्टरने हातभार लावला तर बिघडले कुठे, असा त्यामागचा युक्तिवाद. पण ही साक्ष उलटी पडते. आळंदीची समाधी हा श्रद्धेचा विषय, तो बाजूला ठेवू. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला भेद आधीच लेख लिहून मांडला होता आणि मग १९६६च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८२व्या वर्षी, अन्न आणि औषध सोडून ते २६ तारखेला गेले. विनोबांना १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आला. त्यांनीही अन्न, पाणी, औषध नाकारले. १५ तारखेला ते गेले. दोन्ही ठिकाणी निर्णय ज्याचा त्याचा, तोही दिवसेंदिवस टिकवलेला, आणि मन पालटले तर घोटभर पाण्याने मोडता येणारा. डॉक्टरकडे मागितले ते एवढेच, की त्याने थांबावे.

कायद्याचा इतिहासही याच भेदाभोवती फिरला. मिनू मसानी यांनी १९८१मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८६मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. प्रकरण होते मुंबई पोलिसांतल्या एका मनोरुग्ण शिपायाचे. इतका उदार निकाल, पण त्यातच दयामरण म्हणजे दुसऱ्याने केलेली हत्याच, असेही बजावले आहे. निकालाची बाजू घेणारे हा भाग सहसा वाचून दाखवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये मरण्याचा हक्कच नाकारला. त्यानंतर आले परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण. २७ नोव्हेंबर १९७३ला स्वतःवर झालेल्या हल्ल्यानंतर परळच्या केईएममध्ये त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना भरवणे थांबवावे, अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका होती. म्हणजे कृती प्रायोपवेशनाचीच, अन्न थांबवण्याची. पण जिचे अन्न थांबायचे तिला विचारणे अशक्य. भरवणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला आणि ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने त्यांचा शब्द मानला. त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

यावर आक्षेप असा, की कृत्रिम श्वसनाची नळी काढणारा हात आणि विषारी औषध देणारा हात यांत फरक तो कसला? परिणाम एकच. शिवाय आठवडाभर उपाशी झिजण्यापेक्षा एका घोटात सुटका अधिक दयेची नाही का? वेदनेचा हा मुद्दा खरा आहे आणि त्याला वेदनाशामक उपचार हे पुरे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. काही दुखणी त्यालाही दाद देत नाहीत. तरीही परिणामावरून कृती तोलणे मला धोक्याचे वाटते, कारण ‘स्वेच्छा’ या शब्दाचा आपला अनुभव बरा नाही. १७७२मध्ये थेऊरला माधवराव पेशव्यांच्या मागे रमाबाई सती गेल्या, तेही स्वेच्छेनेच म्हटले गेले. जिथे आजारपणासाठी जमीन विकली जाते, तिथे म्हाताऱ्याचे ‘मला सोडवा’ किती त्याचे आणि किती घराचे, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला कळणार कसे? नळी नाकारणाऱ्याला तो फक्त मोकळा करतो. औषध देताना तो त्या घराचा हस्तक होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली आणि आता दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. डॉक्टरने मरणाचे औषध हाती दिले, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.