अंधारबावीचा दगड

पन्हाळ्यावर अंधारबाव पाहायला येणारे लोक बहुतेक दोनच प्रश्न विचारतात. चोरवाट कुठे निघते, आणि शत्रू पाण्यात विष कालवायचा ही गोष्ट खरी का. तिथे माहिती सांगणारेही या दोन्हींची उत्तरे रंगवून देतात. तीन मजली इमारत, खाली पाणी, वर पहारेकऱ्यांसाठी कोनाडे, भिंतीत बाहेर पडायची वाट. गड पडला तरी आत तग धरता यावा, अशी सगळी मांडणी. आदिलशाहीच्या काळातले हे काम. पण ज्या दगडावर ते उभे आहे, त्याच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. गडावरची जमीन तांबडी आणि बावीचा दगड मात्र काळा, हे डोळ्यांना दिसते, तरी मनात प्रश्न येत नाही.

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याच्या खाली सह्याद्रीचा नेहमीचा काळा दगड. जांभा म्हणजे भोकाभोकांचा, पाणी पिणारा दगड. पावसाळाभर तो पाणी मुरवून घेतो. ते पाणी खाली उतरत जाते आणि खालच्या चिकण मातीला किंवा काळ्या खडकाला अडून बाजूने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८४५ मीटर उंचीवरच्या या गडावर विहिरी आणि तळी का टिकली, याचे उत्तर असे पायाखालीच आहे.

बिदरचे पठारही याच जातीचे. वर जांभा, खाली काळा खडक. तिथे बहमनींच्या काळात, पंधराव्या शतकात, नौबादची कारेज खोदली गेली. जमिनीखालून बोगदा न्यायचा, त्यावर ओळीने उभ्या विहिरी काढायच्या, आणि जांभ्यातून खडकावर उतरलेले पाणी उताराने वाहू द्यायचे. हे तंत्र इराणकडून आले, पण ते चालले दख्खनच्या दगडामुळे. महमूद गवान, ज्याचा मदरसा आजही बिदरमध्ये उभा आहे, तो १४६९ च्या पावसाळ्यात पन्हाळ्याला तळ देऊन होता. त्याने इथे येऊन कोणाला पाण्याचे शास्त्र शिकवले, असा अर्थ मी काढत नाही. एकाच राज्याच्या दोन टोकांना एकसारखी जमीन होती आणि माणसे दोन्हीकडे ये-जा करत होती, एवढेच म्हणतो.

आता बांधकामाकडे येऊ. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो, आणि वारा लागला की कडक होतो. घराच्या भिंतीला, आवाराच्या गडग्याला त्याच्यासारखा स्वस्त आणि चांगला दगड नाही. कोकणातली निम्मी घरे त्याचीच. पण पाणी धरून ठेवायला तो निरुपयोगी. जांभ्याच्या हौदात पाणी भरले की भिंतीला घाम सुटतो. पाण्याच्या कडेला वारंवार भिजून वाळून त्याच्या कडा झडतात. म्हणून माथा तांबडा असूनही पाण्याच्या वास्तूला काळा दगड.

काळा दगड म्हणजे सगळा एकच असेही नाही. पाथरवट दगड हातोडीने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी फट आहे किंवा तो कुजलेला आहे. मांजऱ्या दगडात पांढरे खडे आणि पोकळ्या असतात. तो भरावाला चालतो, पाण्याच्या तोंडाशी चालत नाही, कारण खडे निघाले की तिथून पाणी शिरते. शिवाय पायऱ्यांचा दगड गुळगुळीत करायचा नसतो. त्यावर टाकीचे घाव राहू द्यायचे, म्हणजे ओला पाय धरतो. विहिरीच्या खालच्या थरांत चुना भरत नाहीत, कारण झऱ्याचे पाणी सांध्यांतूनच आत यायचे असते. वर चढत गेले की चुना सुरू होतो. तो चुना बैलाच्या घाण्यात मळलेला असायचा. हळूहळू घट्ट होणारा, आणि इमारत थोडी हलली तरी तडकण्याऐवजी सामावून घेणारा.

हे ज्ञान विजापूरहून आले की इथलेच होते? बावीचा आराखडा, कमानी आणि मजले पाहिले की विजापूर आठवते. १६२० साली मलिक संदलने बांधलेली ताज बावडी त्याच घराण्याच्या राजधानीतली. पण काळा दगड घडवणारा हात कोल्हापूर भागात आधीपासून होता. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळा वसवला, आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहिले की इथल्या पाथरवटाला सुलतानाकडून छिन्नी धरायला शिकायची गरज नव्हती हे कळते. माझे मत असे, की नकाशा दरबाराचा असेल, हात इथला असेल. तीन दरवाजाजवळच्या फारसी शिलालेखात इब्राहिम आदिलशहाचे नाव आहे. दगड फोडणाऱ्या वडाराचे, घडवणाऱ्या पाथरवटाचे, चुना मळणाऱ्या बेलदाराचे नाव कुठल्याच लेखात नसते, ना फारसी ना देवनागरी.

मग १६६० उजाडले. मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला. आत शिवाजी महाराज, बाहेर आदिलशाही फौज. या वेढ्यातले शिवा काशीद आणि बाजीप्रभू आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. वेढा मोडायला आलेल्या नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. आणि एक गोष्ट तर कोणीच सांगत नाही. त्या उन्हाळ्यात गडावरच्या मावळ्यांनी जे पाणी प्यायले, त्यातले बरेच आदिलशाहीने बांधलेल्या दगडात साठलेले होते. बांधणाऱ्याचीच फौज खाली, आणि त्याच्याच बावीवर वरच्यांची तहान. पाण्याने मालक विचारला नाही.

हे पाणी किती नाजूक असते, हे पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात नोंदवले. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, झरा असला तरी एकट्या त्याच्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात, म्हणून खडकात टाकी आणि तळी करून ठेवावीत, असा त्यांचा सल्ला. अमात्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. सादोबाचे तळे आणि दर्गाही त्याच माथ्यावर. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. मला त्याचा आनंदच झाला. फक्त माहितीचे फलक नव्याने लिहिताना बावीपाशी 'आदिलशाही' हा शब्द राहावा. तो काढला तर बाव समजणार नाही आणि वेढाही समजणार नाही.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण वेगळे आहे. आमच्या ओळखीच्या एका जुन्या मशिदीत हौदाची दुरुस्ती निघाली आहे. वजूचा हौद, काळ्या दगडाचा, बसायचे कट्टे झिजून खोलगट झालेले. कमिटीत दोन सूचना आल्या. एक, हौद बुजवून नळ लावावेत. दुसरी, चकचकीत ग्रॅनाइट लावावे, दिसायला छान.

पहिल्या सूचनेवर वाद घालता येतो. नळाने पाणी नीट वापरले तर वाचते. पण मोठ्या हौदाचा विचार आपल्या फिकहमध्ये फार बारकाईने झालेला आहे. दहा हात लांब, दहा हात रुंद हे हनफी माप आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते, कारण एवढे पाणी वाहत्या पाण्यासारखे मानले जाते. हौद बुजवला की हे मापही विस्मरणात जाईल. दुसऱ्या सूचनेला मात्र माझा साफ विरोध आहे. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर ओला पाय ठरत नाही, आणि पहाटे फजरला येणारे निम्मे नमाजी सत्तरीचे असतात. पातळ फरश्या सिमेंटवर चिकटवल्या की मागे ओल अडकते, पांढरे क्षार फुटतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत फरशी पोकळ वाजू लागते. शहरातल्या चौकांमधल्या कारंज्यांवर चिकटवलेला दगड असाच गळून पडलेला आपण पाहतो.

मुतवल्लींना मी एवढेच सुचवले आहे. कट्टे बदलू नका, ते उलटे करा. जुन्या घडीव दगडाची खालची बाजू बहुधा अजून न झिजलेली असते. सांध्यांतले सिमेंट काढून चुना भरा, आणि चुना भरल्यावर घाई न करता तो मुरू द्या. जिथे दगड फुटलाच असेल तिथे नवा आणताना चकाकी पाहू नका, हातोडी मारून आवाज ऐका. कोल्हापुरात जुने दगडकाम जाणणारे गवंडी आहेत. बैठक येत्या जुम्म्यानंतर आहे.