चॅट अ‍ॅपला वयाचा पुरावा देताय? आधी हे वाचा

पूर्वी जन्मतारीख टाकली की झालं. खरी की खोटी, कोण बघतंय! आता तसं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून अश्लील कंटेंट दाखवण्याआधी वय तपासणं बंधनकारक आहे. त्यासाठी डिस्कॉर्डने तिथे दोन पर्याय दिले: सेल्फी व्हिडिओवरून वयाचा अंदाज किंवा ओळखपत्राचा फोटो.

धोका कुठे आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डनेच सांगितलं, की ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून जगभरातल्या सुमारे ७०,००० युजर्सच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख नाही.

भारतात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे 'मूल'. त्यांचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी लागेल.

मग काय कराल?

- फोनमध्येच तपासणी होत असेल, तर तो पर्याय निवडा.
- आधार द्यावंच लागलं आणि चालत असेल, तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.
- 'वय व्हेरिफाय करा' म्हणत चॅटमध्ये आलेल्या लिंकवर ओळखपत्र कधीच टाकू नका. तपासणी अ‍ॅपच्या सेटिंगमधूनच करा.