महासाथ आणि शाळेचे दार

महासाथीच्या काळात शाळेचे दार लावणे कठीण नसते. ते पुन्हा केव्हा आणि कसे उघडावे, हा निर्णय मात्र भल्याभल्यांची परीक्षा पाहतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीचे व शहरांत आठवीचे पुढील वर्ग राज्यभर भरविण्यास अनुमती मिळाली, तेव्हा मुलांना पाठवावे की नाही, हा प्रश्न आपणां सर्वांपुढे उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील आईबापांपुढेही तोच प्रश्न होता.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझाने अमेरिकेस ग्रासले. बहुतेक शहरांनी शाळांना कुलूप घातले. न्यूयॉर्क, शिकागो व न्यू हेवन ह्यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुले होती आणि त्यांतील बहुसंख्य कोंदट, दाटीवाटीच्या बिऱ्हाडांत राहत. अशा घरापेक्षा स्वच्छ, हवेशीर वर्गात मूल अधिक सुरक्षित राहील, असे आरोग्य आयुक्त डॉ. रॉयल कोपलंड आणि बाल-आरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर ह्यांचे मत होते. मुलांनी दारात घोळका न करता थेट वर्गात जावे, शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येकास न्याहाळावे, आजाराचे लक्षण दिसताच त्याला वेगळे बसवून डॉक्टरांस दाखवावे, शाळा सुटताच सर्वांनी सरळ घर गाठावे, असा शिरस्ता त्यांनी घातला.

ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिली नव्हती. त्या शहरात १८९७ पासून शाळांत वैद्यकीय तपासणी होत असे. परंतु आजारी मुलास घरी धाडले की डॉक्टरांचे काम संपे. घरी औषधपाणी होत नसे आणि मूल वर्गाला मुके. १९०२ साली हेन्री स्ट्रीट सेवाकेंद्राच्या लिलियन वॉल्ड ह्यांनी लीना रॉजर्स ही परिचारिका प्रयोगादाखल चार शाळांना दिली. किरकोळ विकारांवर ती शाळेतच उपचार करी आणि घरोघरी जाऊन मातांना समजावून सांगे. प्रयोग पटला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये साडेदहा हजारांच्या आसपास मुलांना आजारापायी शाळेबाहेर राहावे लागले होते. वर्षभराने त्याच महिन्यात ही संख्या सुमारे अकराशेवर आली. १९१८ च्या संकटात न्यूयॉर्कच्या हाताशी होती ती ही पूर्वतयारी.

म्हणून न्यूयॉर्कचा कित्ता सर्वांनी डोळे मिटून गिरवावा, असे आम्ही म्हणणार नाही. सेंट लुईसने शाळा लवकर बंद केल्या, सभा-समारंभ थांबविले आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण न्यूयॉर्कहूनही कमी राहिले. पण नोव्हेंबरात तेथील शाळा उघडल्या आणि मुलांत रुग्ण वाढताच त्या पुन्हा बंद कराव्या लागल्या. फिलाडेल्फियात शाळा बंद झाल्यावर आर्चबिशप डेनिस डोहर्टी ह्यांच्या आवाहनानुसार शिकविणाऱ्या धर्मभगिनी घरांत व इस्पितळांत रुग्णसेवेस गेल्या. वर्ग बंद झाले तरी सेवेचे काम थांबले नाही.

दार केव्हा उघडावे, हे साथीचा जोर पाहून ठरवावे लागते. उघडल्यावर मूल किती सुरक्षित राहील, हे मात्र आधीच्या निरोगी वर्षांत आपण काय केले त्यावर अवलंबून असते. आपल्या पॅरिशच्या शाळेत खिडक्या उघडतात काय, हात धुण्यास पाणी आहे काय, मलूल झालेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जाते काय, आजारी मुलाची चौकशी करावयास त्याच्या घरी कोणी जाते काय? पालकसभेत हे प्रश्न विचारण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नये, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.