आरोग्य-सवयींतील बदलाचे टप्पे (पुनर्वसनातील रुग्ण)

गंभीर आजार, शस्त्रक्रिया किंवा व्यसन यांतून सावरणारा रुग्ण अपायकारक सवयी सोडून हितकारक सवयी अंगी बाणवत असताना त्याची मनोभूमिका ज्या अवस्थांतून जाते, त्या अवस्था. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान स्वतःहून सोडणाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये या अवस्थांची मांडणी प्रसिद्ध केली. ती ‘ट्रान्सथिऑरेटिकल मॉडेल’ या नावाने ओळखली जाते.

टप्पे : (१) पूर्वविचार : पुढील सहा महिन्यांत बदलण्याचा इरादा नसतो. ‘आजोबा जन्मभर तंबाखू खाऊन नव्वदीपर्यंत जगले’ हे या टप्प्यावरचे नेहमीचे बोलणे. (२) विचार : सहा महिन्यांत बदलावे असे वाटते, पण मन दोन्हीकडे ओढले जाते. (३) तयारी : महिनाभरात सुरुवात करण्याचे ठरते. (४) कृती : नवी सवय सुरू होते, पण तिला सहा महिने झालेले नसतात. (५) सातत्य : सहा महिन्यांहून अधिक काळ सवय टिकते. मोह पूर्ण संपणे ही समाप्तीची अवस्था काही अभ्यासक वेगळी मानतात. ती फार थोड्यांना लाभते.

टप्पे ओलांडण्यामागे दोन गोष्टी असतात. पहिली, लाभ-तोट्याचा हिशेब : सुरुवातीला बदलाचे तोटे मोठे वाटतात आणि कृतीपूर्वी लाभांचे पारडे जड होते. १२ वेगवेगळ्या सवयींच्या अभ्यासात (१९९४) हा कल दिसला. दुसरी, ‘मला हे जमेल’ हा विश्वास. ही संकल्पना अल्बर्ट बांडुरा यांची (१९७७). यांशिवाय या मांडणीत बदल घडवणाऱ्या दहा प्रक्रिया सांगितल्या आहेत; आधार देणारी नाती ही त्यांपैकी एक. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) रुग्णांच्या पत्नींसाठी चालणारा ‘सहचरी’ गट तिचे उदाहरण म्हणता येईल.

पुनर्वसनातील वेगळेपण : बायपासनंतरचा रुग्ण रुग्णालयात वेळेवर चालतो, पथ्य पाळतो, वरवर तो कृतीच्या टप्प्यावर असतो. ही शिस्त पुष्कळदा परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीची असते, मन मात्र अजून विचाराच्या टप्प्यावरच असू शकते. एकाच रुग्णाचे टप्पेही सवयीगणिक वेगळे असतात : गोळ्या नियमित, चालणे नुकते सुरू, सिगारेट सोडण्याचा विचारही नाही. म्हणून प्रत्येक सवयीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे लागते.

घरी परतल्यावर खरी कसोटी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ राल्फ श्वार्त्सर यांनी इरादा बनणे आणि इरादा अमलात येणे या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनातील अभ्यासात, व्यायाम केव्हा, कुठे, कसा करायचा आणि अडचण आली तर काय करायचे, या दोन्हींची योजना आखणाऱ्यांनी रुग्णालय सोडल्यानंतर अधिक व्यायाम केल्याचे आढळले.

घसरण : जुन्या सवयीकडे परतणे हे या मांडणीत अपेक्षित मानले जाते. घसरलेला रुग्ण बहुधा विचाराच्या किंवा तयारीच्या टप्प्यावर येतो आणि अनुभवातून शिकून पुन्हा पुढे जाऊ शकतो. त्यामुळे त्याला दोष देण्यापेक्षा घसरण कोणत्या प्रसंगी झाली याचा शोध घेणे उपयोगी ठरते.

टीका : सहा महिने, एक महिना या मुदती सोयीसाठी ठरवल्या आहेत, माणसे इतक्या आखीव वाटेने बदलत नाहीत, असा आक्षेप आहे. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये ही मांडणीच बाजूला ठेवावी असे सुचवले. धूम्रपानमुक्तीवरील कॉक्रेन आढाव्यात (२०१०) टप्प्यांनुसार दिलेली मदत तशाच इतर मदतीहून अधिक परिणामकारक ठरली नाही.

त्यामुळे या टप्प्यांचा उपयोग रुग्णावर शिक्का मारण्यासाठी करू नये. रुग्ण आज कुठे उभा आहे हे त्याच्याकडूनच ऐकून पुढचे एक पाऊल त्याच्यासह ठरवणे, यातच या मांडणीचे मोल आहे.