राजौरीचा रस्ता, एप्रिल १९४८

आमच्या गडचिरोलीत रस्त्याखालच्या मोरीकडे कुणी सहज बघत नाही. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडाली. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्याआधी दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. पुढे पोचायची घाई असते आणि रस्ता तपासायला वेळ लागतो. या दोन्हींचा हिशेब जागेवर नेमकं कोण करतं?

रामा राघोबा राणे यांची गोष्ट मी या प्रश्नासाठी वाचली. गाव कारवारजवळचं चेंडिये, वडील पोलिसात. १९४० मध्ये सैन्यात भरती, दुसऱ्या महायुद्धात आराकान. तिथे माघारीच्या वेळी मागे राहून जपान्यांच्या हाती काही पडू नये म्हणून सामान उडवायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे रस्ता कसा बिघडवतात, हे त्यांना आतून ठाऊक. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती गेलं आणि तिथे मोठी कत्तल झाली. इकडे नौशेऱ्यात निर्वासितांची गर्दी होती. ब्रिगेडियर उस्मान यांनी तिथल्या अनाथ पोरांची बालसेना उभी केली होती. मार्चमध्ये झांगर परत मिळालं आणि ८ एप्रिलला सैन्य राजौरीकडे निघालं. पायदळ चौथी डोग्रा, सोबत रणगाडे. पण रणगाड्यांना रस्ता लागतो, आणि रस्त्यावर सुरुंग होते, आडवे पाडलेले पाइन होते, उडवलेल्या मोऱ्या होत्या.

सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची छोटी तुकडी होती. पहिल्याच दिवशी उखळी तोफांचा मारा झाला, दोन सॅपर मेले, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. इथे थांबले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

ते थांबले नाहीत, हे सगळेच सांगतात. रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून वरच्या चालकाला इशारे देत सुरुंगांतून वाट काढली, तेही सांगतात. शौर्याचं ते चित्र डोळ्यांत भरतं खरं. माझं लक्ष मात्र एका साध्या गोष्टीवर अडतं. जिथे अडथळा काढायला फार वेळ लागेल, तिथे त्यांनी तो काढलाच नाही. बाजूने वळणवाट केली. पक्का रस्ता नंतर होईल, आज रणगाडा पलीकडे गेला पाहिजे. सॅपरच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला काम अर्धं सोडून पुढे जाणं सोपं नसतं. पण गाठायचं होतं राजौरी, आणि तिथे माणसं अडकली होती. वळणवाटेवरही सुरुंग असू शकतो. तो धोका त्यांच्या पोरांनी उचलायचा होता.

११ एप्रिलला चिंगसच्या पुढे रात्रीपर्यंत काम चाललं. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं.

गाव बेचिराख होतं. पळणाऱ्या हल्लेखोरांनी जाता जाता पुन्हा माणसं मारली होती. चार दिवसांचे तीन झाले असते तर? हा प्रश्न राणे यांनाही पडला असेल, असं मला वाटतं. डोंगरात लपलेले दीडेक हजार लोक, त्यात बायका-मुलं, नंतर खाली उतरून गावात परत आले.